पाणी मागणारा येशू

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या समितीने ठराव केला, की घरकामाला येणाऱ्या बायकांना फाटकाच्या आत घ्यायचे नाही. त्या ठरावावर माझीही सही आहे. आमच्याकडे अकरा वर्षे भांडी-फरशी करणाऱ्या मावशी महिनाअखेरीस पगाराला आल्या, तेव्हा मी पाकीट फाटकाशेजारच्या कट्ट्यावर ठेवले आणि चार पावले मागे सरकून उभा राहिलो. मावशींनी पाकीट उचलले, पिशवीतून एक डबा काढला आणि त्याच कट्ट्यावर ठेवला. ‘वहिनींसाठी कुरडया केल्यात, दादा,’ म्हणाल्या. मी हात जोडून ‘आत्ता नको’ म्हणालो. त्यांनी काही न बोलता डबा परत पिशवीत ठेवला.

हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे, की त्याच आठवड्यांत मी पंडिता रमाबाईंचे दुष्काळाचे अनुभव वाचत होतो. संकटाच्या काळात येशूची शिकवण कशी उपयोगी पडते, यावर पुष्कळ लिहिले जाते. ते बहुतेक सांत्वनाच्या अंगाने जाते : धीर धरा, क्षमा करा, उद्याची चिंता करू नका. रमाबाईंच्या आयुष्यात त्या शिकवणुकीने जे केले ते सांत्वनापेक्षा फार वेगळे होते. ते काय होते, हे मला त्या डब्यामुळे थोडेफार कळले असे वाटते.

माझ्याविषयी दोन वाक्ये. मी ख्रिस्ती नाही, घर माळकरी. दहावीनंतर छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, खिळे जुळवता जुळवता वाचायला शिकलो, आणि खिळे गेले तेव्हा मुद्रितशोधनावर पोट भरू लागलो. विद्यापीठाचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यामुळे धर्मशास्त्राच्या वादात पडण्याची माझी पात्रता नाही, आणि इथे तशी गरजही नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे कर्ज झाले, जमीन गेली, आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत पुराणे सांगून जगू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोणी उरले नाही. रमाबाईंनी १८९७ साली, म्हणजे दुसऱ्या एका दुष्काळाच्या तोंडावर, या दिवसांची हकिगत लिहून ठेवली. दागिने गेले, भांडी गेली, अंगावरची वस्त्रे तेवढी उरली. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात त्यांनी पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढले. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. त्या एका वाक्याने वडिलांचा बेत फिरला.

या हकिगतीत माझे लक्ष एका गोष्टीवर अडकून राहिले. अन्नाचा दाणा कुठेच नव्हता म्हणून हे लोक उपाशी राहिले, असे रमाबाई लिहीत नाहीत. कष्टाचे काम करणे कमीपणाचे आणि कोणाकडे मागणे त्याहून कमीपणाचे, या शिकवणुकीपायी आपण उपाशी राहिलो, असे त्या सरळ लिहितात. भाऊ मजुरीला तयार झाला तोवर अंगात मजुरीचे बळच उरले नव्हते. १८७४ साली वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला खांदेकरी पुरे पडेनात, तेव्हा ठेंगण्या रमाबाईंनी तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली होती.

पुढचा भाग मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले, तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, भाऊ वारला, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेरचे नोंदणी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये बिपिनबिहारी गेले. पुण्यात येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. १८८३ मध्ये वैद्यक शिकायचे म्हणून मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात उतरल्या.

इथे जरा थांबायला हवे. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे आजही लिहिले जाते, आणि ते बहुधा फसवणूक किंवा क्रांती या दोनच रकान्यांत बसवले जाते. त्यांनी स्वतः १९०७ मध्ये आपल्या साक्षीत जे कारण सांगितले आहे ते फार छोटे आहे. मठाच्या भगिनींनी त्यांना काही दिवसांसाठी लंडनच्या फुलम भागात पाठवले. तिथे ज्यांना समाज ‘पतित’ म्हणतो अशा स्त्रियांसाठी एक आसरा होता. त्यातल्या काही बायका आता दुसऱ्यांची, आजाऱ्यांची शुश्रूषा करताना रमाबाईंना दिसल्या. अशा बायकांची कोणी काळजी घेते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. धर्मशास्त्रे त्यांना पाठ होती. अशा स्त्रीला कोणती शिक्षा सांगितली आहे तेही पाठ होते. परत आल्यावर त्यांनी एका भगिनीला विचारले, की तुम्हाला यांची एवढी कळकळ का? उत्तर म्हणून त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

त्या अध्यायातली गोष्ट थोडक्यात अशी. येशू प्रवासात थकून भर दुपारी एका विहिरीच्या काठावर बसला आहे. शिष्य गावात अन्न आणायला गेले आहेत. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचे पाणी चालत नाही. ही बाई एकटी, पाच नवरे होऊन गेलेली आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे अशी. तिला येशू म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित होते. तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे विचारते. मग दोघांचे लांबलचक बोलणे होते. जिवंत पाण्याविषयी, देवाची उपासना कुठल्या डोंगरावर करावी याविषयी. जे शिष्यांनाही अजून नीट सांगितलेले नाही ते तो या बाईला सांगतो. शिष्य परततात आणि तो एका बाईशी बोलतो आहे हे पाहून त्यांना नवल वाटते, पण विचारायचे धाडस कोणी करत नाही.

ही गोष्ट एखाद्या इंग्रज वाचकाला जेवढी कळेल त्याच्या दसपट ती अनंतशास्त्र्यांच्या मुलीला कळली असणार. कोणाचे पाणी चालते आणि कोणाचे नाही, यावर आपला सगळा समाज उभा होता. रमाबाई वाँटेजच्या मठातही मांस-अंडे वर्ज्य करून राहिल्या होत्या. आणि या गोष्टीत काय घडते? देव म्हणवणारा माणूस पापी बाईला काही देत नाही, आधी तिच्याकडे मागतो. तहान त्याला आहे, पोहरा तिच्या हातात आहे. क्षमा, उपदेश, उद्धार हे सगळे नंतर. मजुरी आणि मागणे दोन्हींचा कमीपणा वाटून जिचे आईबाप गेले, तिच्या मनात हे किती खोल गेले असेल याचा अंदाज करता येतो.

मी कुरडयांचा डबा परत केला तो साथीच्या भीतीने, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण त्याच दिवसांत आमच्या घरी बाहेरून येणारे दूध, भाजी, औषधे येत होती, आणि आम्ही ती धुऊन-पुसून घेत होतो. मावशींचा डबाही धुता आला असता. देणारा मी होतो, आणि ते उलटे झालेले मला चालले नाही.

आता इथे एका शंकेला उत्तर द्यायला हवे. असे काही आपल्याकडे नव्हते का? होते. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेला जागा मिळाली. फुले पती-पत्नींनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले आणि फसलेल्या विधवांना सांगितले, की इथे येऊन बाळंत व्हा. रमाबाई त्या वेळी पाच वर्षांच्या होत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांना त्यासाठी बायबल लागले नाही. जोतीरावांनी तर ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. तेव्हा करुणा ही कोणा एका धर्माची मिरास आहे असे मला म्हणायचे नाही. मी फक्त एका गोष्टीने एका बाईच्या हातून काय करवले, त्याचा माग घेतो आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडे आधी त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. सगळे आनंदात झाले असे नव्हे. आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर चर्चचे नियमही आले. रमाबाई चेल्टनहॅमला शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे बिशपमंडळींना रुचेना. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांचा जोगीण जेराल्डिन यांच्याशी वाद झाला, तो पत्रांतून कितीतरी दिवस चालला. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, हाही त्यांचा एक प्रश्न होता. मला ती पत्रे वाचताना मौज वाटते. एक धर्म सोडून आलेली बाई दुसऱ्या धर्माच्या अधिकाऱ्यांना सांगते आहे, की मी येशूचे ऐकते, तुमचे ऐकायला बांधील नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे ब्राह्मण विधवांचे सोवळे-ओवळे पाळू दिले जाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झालेली गोदूबाई या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे वचन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात माझी सहानुभूती पूर्णपणे कोणा एका बाजूला जात नाही. उघडे दार म्हणजे आमंत्रण नव्हे, हे खरे. पण आश्रयाला आलेल्या, रमाबाईंवाचून जगात कोणी नसलेल्या मुलीला ते दार केवळ दार दिसत नसणार, हेही खरे.

यानंतर आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंजवळ त्या वेळी पैसा नव्हता. अमेरिकन मंडळींनी कबूल केलेली दहा वर्षांची मदतही संपत आली होती. तरी त्या निघाल्या. आपण दुष्काळ सोसला आहे, म्हणून बसवेना, असेच त्यांनी लिहिले. तिथल्या सरकारी छावण्यांत आणि अन्नछत्रांत त्यांना जे दिसले त्यात भुकेइतकीच दुसरी एक गोष्ट भयंकर होती. तरण्या मुली हेरून विकायला नेणारे लोक तिथे उघड फिरत होते. मूठभर धान्याला मुलगी जात होती. रमाबाईंनी मुली आणायला सुरुवात केली. बघता बघता त्यांची संख्या तीनशेवर गेली.

या मुली शारदा सदनातल्या मुलींसारख्या नव्हत्या. नाना जातींच्या, हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड आणि केसांत उवा असलेल्या, काही अन्नाची चोरी केल्याशिवाय राहू न शकणाऱ्या, काही अत्याचाराने आजारी झालेल्या. सदनातले सोवळे यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. त्यातच पुण्यात प्लेग. रँडसाहेबाच्या अंमलाचे ते महिने. साथीच्या नियमांमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. रमाबाईंनी पुण्यापासून साठेक किलोमीटरवर केडगावला फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर मुलींना नेले. आधी तंबू, मग पावसाच्या आत कशाबशा उभारलेल्या छपऱ्या. हेच मुक्ती सदन.

याच मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी प्लेग-इस्पितळातल्या बायकांच्या हालांविषयी, आपल्याच सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला आलेल्या दुर्दशेविषयी जाहीर तक्रार केली. सरकारने ती फेटाळली. ख्रिस्ती झालेली बाई सरकारची मिंधी असते, असे मानणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावे.

मी दोनदा केडगावला गेलो आहे, दौंडच्या गाडीने. पण मुक्ती सदनाविषयी मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते इमारतींत दिसत नाही. तिथे दुष्काळातून आलेल्या मुलींना बसवून जेवायला घातले नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, भट्टी, शिवण, आणि छापखाना हे सगळे त्या मुलीच चालवू लागल्या. अंध मुलींनाही वेताचे विणकाम आणि उठावाच्या लिपीचे वाचन शिकवले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा नव्या शेकडो मुली आल्या. त्यांच्या अंगावरचे फोड धुणाऱ्या, त्यांना रात्री थोपटून निजवणाऱ्या कोण होत्या? तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून तशाच अवस्थेत आलेल्या मुली. फुलममध्ये जे पाहून रमाबाई थबकल्या होत्या, ते त्यांनी केडगावच्या माळावर घडवले. पोहरा त्या मुलींच्या हातात दिला.

यात सगळेच निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, पण ते वेगळे. रोगाचे आणि शिस्तीचे कारण होते, तरी भिंत ती भिंत. विहिरीच्या गोष्टीत भिंत नाही. आणि त्याहून अवघड प्रश्न धर्मांतराचा. दुष्काळात आलेल्या मुली बहुतेक ख्रिस्ती झाल्या. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली, तिचे वर्णन मिशनऱ्यांनी मोठ्या अभिमानाने केले आहे. उपाशी पोराला जिने भाकरी दिली तिचा देव त्याला आपला वाटणारच. याला निवड म्हणायचे का? रमाबाईंना हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. आपल्याला जे सर्वांत मोलाचे सापडले ते मुलींपासून लपवायचे कसे, असा त्यांचा उलट सवाल असे. मला तो सवाल पुरेसा वाटत नाही. पण त्या मुलींना दुसऱ्या धर्माची भाकरी द्यायला त्या माळावर किती जण आले होते, हे विचारल्याशिवाय रमाबाईंना दोष देणेही मला जमत नाही.

मावशी त्या वर्षी दिवाळीआधी कामावर परत आल्या. डब्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला तो पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, ‘कुरडया केल्या का?’ असे विचारून. ‘औंदा नाही जमल्या,’ एवढेच त्या म्हणाल्या.

शेवटी माझ्या धंद्यातली एक गोष्ट. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. प्रचलित भाषांतर त्यांना अवघड वाटे. संस्कृत शब्द फार, खेड्यातल्या बाईला वाचून कळणार नाही असे. संस्कृतवर ज्यांचे एवढे प्रभुत्व, त्यांनी ते शब्द वेचून वेचून काढून टाकले. मूळ पाहता यावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे, छापणे, घड्या घालणे, शिवणे ही कामे मुक्तीतल्या बायकांनी केली. जुळाऱ्याला मजकूर उलटा वाचावा लागतो, एकेक अक्षर हाताने उचलावे लागते. त्यामुळे तो इतर कोणाहीपेक्षा सावकाश वाचतो, हे मी अनुभवाने सांगतो. योहानाचा चौथा अध्याय कोणाच्या हाताखाली आला असेल? लहानपणी मूठभर धान्याला विकली जाता जाता वाचलेली एखादी बाई पेटीपुढे उभी राहून विहिरीवरच्या त्या बाईचे बोलणे अक्षर अक्षर लावत असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते त्यांनी तोवर पाहून संपवली होती, असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून.